मृत्यूच्या दाखल्यावरची तिसरी ओळ कोरी आहे. तिथे काय असायला हवं होतं?

तिसरा_मजला

बाबांना जाऊन पाच महिने झाले. वय ५८. दाखला घरातच होता, पण नीट वाचला तो परवा. कारणांच्या जागी तीन ओळी आहेत. पहिलीत 'श्वसनक्रिया निकामी होणे', दुसरीत 'सीओपीडी' (श्वासाची वाट कायमची अरुंद करणारा फुप्फुसाचा आजार), तिसरी कोरी. त्याखाली 'मृत्यूस हातभार लावणाऱ्या इतर बाबी' अशी जागा आहे, तिथे एकच शब्द: 'धूम्रपान'.

भेटायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणून गेला. सिगारेटने नेलं. मी नाकारत नाही, बाबा सतराव्या वर्षापासून ओढत होते. पण मग काकांचं काय?

काका बाबांपेक्षा सहा वर्षांनी मोठे. दोघं एकाच खोलीत वाढले, सिगारेट ओढायला काकांनीच बाबांना शिकवलं. हे काका स्वतःच सांगतात आणि सांगताना त्यांना रडू आवरत नाही. ते अजूनही दिवसाला सात-आठ ओढतात. आमच्याकडे आले की तिसऱ्या मजल्यापर्यंत न थांबता चढून येतात. बाबा शेवटचं दीड वर्ष खाली उतरलेच नाहीत, कारण उतरलं की परत चढणं आलं. ५४ पायऱ्या आहेत. त्यांनी मोजल्या होत्या, आणि थांबायच्या जागा ठरलेल्या होत्या: अकरावी, एकविसावी, तिसावी, मग दर पाचवी.

आजोबांची ऐपत एकालाच शिकवायची होती. थोरला शिकला, कचेरीत लागला. धाकटा सोळाव्या वर्षी दगड कापायच्या कामावर गेला. फरशा, ओटे, जिन्याच्या पायऱ्या. पैसे नगावर. पाणी सोडून कापलं की चिखल होतो, हात सावकाश चालतो, नग कमी भरतात, म्हणून सगळे कोरडंच कापायचे, नाकाला रुमाल बांधून. संध्याकाळी घरी येत तेव्हा पापण्या पांढऱ्या असायच्या. लहानपणी मी त्यांच्या दंडावरच्या धुळीत बोटाने माझं नाव लिहायचे. त्यांनाही ते आवडत असावं, कारण नाव लिहून होईपर्यंत ते हात हलवायचे नाहीत.

पहिल्यांदा धाप लागायला लागली तेव्हा ते ४५ चे होते. सीओपीडी हा शब्द आम्ही ऐकला तेव्हा ५३ चे. मधली आठ वर्षं खोकल्याची बाटली, अँटिबायोटिक, पुन्हा खोकल्याची बाटली. नळीत फुंकून करायची तपासणी, ती स्पायरोमेट्री, त्या आठ वर्षांत एकदाही झाली नाही. मग दोन पंप (इनहेलर) मिळाले, एक रोजचा आणि एक धाप लागल्यावर घ्यायचा. ते गेल्यावर उशीखाली त्यांची वही सापडली. तारखा घालून खुणा केल्यात. रोजचा पंप सकाळ-संध्याकाळ घ्यायचा होता, ते एकदाच घेत होते, आणि महिन्याचे शेवटचे सहा-सात दिवस तेवढाही नाही. आम्हाला कधी बोलले नाहीत. ऑक्सिजनचं मशीन आणलं, तर विजेच्या बिलाच्या धास्तीने ते फक्त रात्री लावायचे.

शेवटचा ताप गुरुवारी आला. 'उद्यापर्यंत बघू' करत करत सोमवारी नेलं. शुक्रवार-शनिवार खाडा झाला असता तर भावाची आठवड्याची मजुरी बुडाली असती, आणि बाबांना तीन मजले खाली उचलून नेणारा तोच होता.

माझा प्रश्न असा. 'गरिबीने गेले' हे म्हणणं शास्त्राला धरून आहे का? की दुःखात मी कोणाला तरी दोषी धरायला बघतेय? सिगारेट, धूळ, पायऱ्या, अर्धाच घेतलेला पंप, यातलं खरं किती आणि माझ्या मनाचं किती? ज्यांना यातलं कळतं त्यांनी सरळ सांगा. सांत्वन नको, ते भरपूर झालंय.


अकरा_वर्षं_बंद

ताई, मी डॉक्टर नाही. माझे वडीलही असेच गेले आणि त्यांनी आयुष्यात दगडाला हात लावला नव्हता. बसून करायची नोकरी होती, दोन वेळचं व्यवस्थित होतं, पंप वेळच्या वेळी होते. दिवसाला पंचवीस सिगारेटी होत्या फक्त. त्यानंतर मी सोडली, त्याला अकरा वर्षं झाली.

तुमचं दुःख खोटं आहे असं मी अजिबात म्हणत नाही. पण बाकीची कारणं मोठी करता करता सिगारेट लहान होऊ देऊ नका. कोणीतरी हा धागा वाचेल आणि 'मी कुठे दगड कापतो' म्हणून पुढची पेटवेल, ही भीती वाटते म्हणून लिहिलं.


वॉर्ड_रात्रपाळी

मी छातीच्या वॉर्डात परिचारिका आहे, १९ वर्षं झाली. तुम्ही सरळ विचारलंत म्हणून सरळ सांगते. तुम्ही लिहिलेली एकेक गोष्ट खरी आहे. वरच्या दादांचं म्हणणंही खरं आहे. यातलं एक निवडा असं तुम्हाला कोणी सांगितलं तर ऐकू नका.

सिगारेटचा आकडा आधी. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की श्रीमंत देशांत सीओपीडीच्या ७० टक्क्यांहून जास्त रुग्णांमागे तंबाखूचा धूर असतो. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत हेच प्रमाण ३० ते ४० टक्के आहे. तिथे बाकीच्यांमागे घरातल्या चुलीचा धूर, कामावरची धूळ आणि वाफा, बाहेरची हवा, लहानपणीची आजारपणं असं सगळं येतं. आणि सत्तरीच्या आत सीओपीडीने जाणाऱ्यांपैकी जवळजवळ ९० टक्के माणसं या दुसऱ्या देशांतली असतात. आजार एकच, पण श्रीमंताला तो म्हातारपणी नेतो आणि गरिबाला कमावत्या वयात.

आता दोन भावांचं. फुप्फुसं वीस-पंचविशीपर्यंत वाढतात, मग उरलेलं आयुष्यभर त्यांची ताकद थोडी थोडी उतरत जाते. आम्हाला शिकवलं होतं की सिगारेट ओढणाऱ्याची ताकद भराभर उतरते, म्हणून सीओपीडी होतो. २०१५ मध्ये पीटर लांगे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन मोठ्या पाहण्यांमधल्या माणसांच्या वर्षानुवर्षांच्या तपासण्या एकत्र ठेवल्या. सीओपीडी झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांची ताकद भराभर उतरलीच नव्हती. ती मुळातच कमी होती, तरुणपणीच पुरती भरली नव्हती. त्याच्याही आधी, १९९१ मध्ये, इंग्लंडात डेव्हिड बार्कर यांच्या गटाने हर्टफर्डशायरमधल्या साठी-सत्तरीच्या पुरुषांना नळीत फुंकायला लावलं आणि त्यांच्या जन्माच्या वेळच्या जुन्या नोंदी काढल्या. जन्मताना वजन कमी होतं किंवा पहिल्या वर्षात छातीचं मोठं दुखणं झालं होतं, त्यांची फुंक साठ वर्षांनंतरही कमी भरत होती. तेव्हा काकांना एक विचारा: बाबा तान्हे असताना आजारी पडले होते का?

धुळीबद्दल. दगडात सिलिका असते. तिचे जे कण फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात ते डोळ्यांना दिसत नाहीत. पापण्यांवर दिसायची ती जाडी धूळ. रुमालाने जाडी अडते, बारीक आरपार जाते. हे कण आत गेले की फुप्फुसात गाठी आणि व्रण होतात, त्याला सिलिकोसिस म्हणतात. त्यावर बरं करणारा इलाज नाही, आणि काम सोडल्यावरही तो पुढे सरकू शकतो. सिलिका सीओपीडीचाही धोका वाढवते आणि क्षयाचाही. बाबांचे जुने एक्स-रे असतील तर टाकू नका. 'सीओपीडी' हे निदान चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, पण इतकी वर्षं कोरडा दगड कापलेल्या माणसाच्या कागदावर सिलिकोसिसचा विचार झाला होता का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पंपाबद्दल लिहिताना मला त्रास होतो, कारण हे मी दर आठवड्याला बघते. रोजचा पंप घेतल्यावर काहीच वाटत नाही. धाप लागल्यावरचा घेतला की दोन-चार मिनिटांत छाती मोकळी होते. ज्याला महिन्याचे पैसे मोजून वापरायचे आहेत तो कुठला आधी सोडणार? दम्यात हे फार स्पष्ट दिसतं. आराम देणाऱ्या पंपाचे वर्षाला तीन किंवा जास्त डबे लागत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढतो, बारा किंवा जास्त लागत असतील तर मृत्यूचा. २०१९ पासून जागतिक मार्गदर्शन असं आहे की मोठ्या माणसाला दम्यासाठी नुसता आराम देणारा पंप देऊच नये. २०१९ साली जगभरात दम्याने साडेचार लाखांच्या वर माणसं गेली, बहुतेक गरीब देशांतली. यातली कितीतरी माणसं वाचण्यासारखी होती, कारण औषध जुनं आणि माहितीतलं आहे. सुट्टी देताना आमच्याकडे छापील कागद दिला जातो, 'रोज न चुकता घ्या' असं त्यावर लिहिलेलं असतं. मी आता कागद देण्याआधी विचारते, 'महिनाभर पुरेल एवढा आणता येणार आहे का?' निम्मी माणसं खाली बघतात.

ऑक्सिजनचं सांगू की नको असा विचार केला. तुम्ही सांत्वन नको म्हणालात, म्हणून सांगते. १९८० मध्ये अमेरिकेत आणि १९८१ मध्ये ब्रिटनमध्ये दोन चाचण्या झाल्या, त्यांवरच आजचा नियम उभा आहे. रक्तातला ऑक्सिजन कायम फार कमी असणाऱ्यांनी दिवसाचे निदान १५ तास तो घ्यायचा. अमेरिकेतल्या चाचणीत फक्त रात्री घेणारे आणि जवळपास अखंड घेणारे यांची तुलना होती. फक्त रात्री घेणाऱ्यांमध्ये मृत्यू जवळजवळ दुपटीने जास्त होते. मशीनमध्ये तीच हवा होती, माणसंही तशीच आजारी. तुमच्या घरात हा फरक मीटरने ठरवला. तुम्ही नाही, बाबांनीही नाही.

वजनाचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण शेवटी ते बरेच वाळले असणार. सीओपीडीत वजन उतरलेला माणूस लवकर जातो. क्षयात तर अन्नाचा परिणाम मोजून दाखवलेला आहे: २०१९ ते २०२२ या काळात झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना दर महिन्याला जादा धान्य आणि जीवनसत्त्वं दिली, तर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी झालं. रुग्णांमध्ये ज्यांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका सुमारे साठ टक्क्यांनी कमी होता. यात नवीन औषध एकही नव्हतं.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट मला खटकली, तेवढी विचारते. भाऊ आठवड्याच्या मजुरीवर आहे म्हणालात. काम कोणतं करतो?


तिसरा_मजला

दोनदा वाचलं. ऑक्सिजनचा भाग वाचून उठून गॅलरीत जाऊन आले. पण सांगितलंत ते बरं केलंत.

काकांना आताच फोन केला. बाबांना पहिल्या वर्षात दोनदा न्यूमोनिया झाला होता. काकांना पक्कं आठवतंय, कारण दुसऱ्या वेळी आजोबांनी त्यांना रात्री शेजाऱ्यांकडे झोपायला पाठवलं होतं आणि सकाळी धाकटा असेल की नाही हे कोणी सांगत नव्हतं. आजी चुलीपाशी असायची आणि बाबा तिच्या पाठीला बांधलेले. काकांच्या जन्माच्या वेळी आजोबांचं काम चालू होतं. बाबांच्या वेळी बंद पडलं होतं. म्हणजे एकाच घरात जन्मलेले असले तरी दोघांचं घर एक नव्हतं. हे मला आज कळलं.

भाऊ ओटे बसवतो. बाबांनीच शिकवलं.


नोंदवही

तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो, कोऱ्या ओळीकडे. मी मृत्यूनोंदींना सांकेतिक क्रमांक द्यायचं काम करतो. माणूस मी बघत नाही, फक्त कागद बघतो.

या नमुन्याच्या ओळी साऱ्या जगात जवळपास सारख्या आहेत. पहिल्या ओळीत शेवटचा प्रकार, तिच्याखाली तो कशामुळे झाला, त्याखाली तेही कशामुळे. सगळ्यात खालच्या भरलेल्या ओळीला सहसा मूळ कारण धरलं जातं आणि देशाच्या आकडेवारीत तेच जातं. 'श्वसनक्रिया निकामी' हे खरं तर मरणाचं कारणच नव्हे, मरण कसं आलं त्याचं वर्णन आहे. कितीतरी दाखल्यांवर तेवढंच असतं. तुमच्या बाबांच्या डॉक्टरांनी निदान दुसरी ओळ भरली. तिसऱ्या ओळीत सिलिकोसिस असता तर त्याला स्वतःचा क्रमांक आहे, 'जे ६२' (J62). मग ते मरण कामाच्या जागेशी जोडलं गेलं असतं.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात गरिबीलाही क्रमांक आहे. दहाव्या आवृत्तीत झेड ५९ म्हणजे घर आणि आर्थिक परिस्थितीच्या अडचणी. राहायला अयोग्य घर झेड ५९.१, अत्यंत गरिबी झेड ५९.५. कामावरच्या धुळीचा संपर्क झेड ५७.२. पण झेडच्या कप्प्यातला कुठलाही क्रमांक मृत्यूचं मूळ कारण म्हणून लावता येत नाही, तसा नियमच आहे. नियमामागे विचार आहे, मृत्यूचं कारण म्हणजे आजार किंवा इजा, असं ठरलेलं आहे. मी तो नियम रोज पाळतो. पण त्याचा परिणाम असा होतो की 'गरिबीमुळे किती गेले' हा तक्ता मला काढायला सांगितला तर माझ्याकडे मोजायला काही नसतं.

तरीही एक दाखला बदललेला मला माहीत आहे. लंडनमध्ये एला अडू-किसी-डेब्रा नावाची नऊ वर्षांची मुलगी फेब्रुवारी २०१३ मध्ये दम्याने गेली. घर वर्दळीच्या मोठ्या रस्त्यापासून सुमारे २५ मीटरवर. तीन वर्षांत जवळपास तीस वेळा रुग्णालयात दाखल झाली होती. २०१४ च्या चौकशीत तिच्या मृत्यूमागे तीव्र दमा आणि श्वसनक्रिया निकामी होणे एवढंच आलं. तिच्या आईने सोडलं नाही. हवेच्या प्रदूषणाच्या नोंदी आणि तिच्या अटॅकच्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या गेल्या, उच्च न्यायालयाने पहिला निष्कर्ष रद्द केला, आणि डिसेंबर २०२० मध्ये मृत्यूच्या कारणांत श्वसनक्रिया, दमा आणि त्यापाठोपाठ तिसरी नोंद आली: हवेचं प्रदूषण. तुमच्याकडे जी ओळ कोरी आहे तीच.

त्याच महिन्यात इंग्लंडातच रॉचडेलमध्ये अवाब इशाक हा दोन वर्षांचा मुलगा गेला. भाड्याच्या एका बेडरूमच्या घरात भिंतींवर बुरशी. वडील २०१७ पासून तक्रार करत होते, त्यांना रंग मारून घ्या असं सांगितलं गेलं. २०२२ मध्ये चौकशीत सिद्ध झालं की मूल त्या बुरशीमुळेच गेलं. पुढे त्याच्या नावाने ओळखली जाणारी तरतूद कायद्यात आली, घरमालक संस्थांना ओल-बुरशी ठरावीक मुदतीत काढायला लावणारी.

याच्या उलटही झालेलं आहे. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियामध्ये १९३०-३१ साली हॉक्स नेस्ट इथे डोंगरातून बोगदा खणला. खडक जवळजवळ शुद्ध सिलिकेचा, खोदकाम कोरडं. मजूर बहुतेक दुसऱ्या राज्यांतून काम शोधत आलेले, त्यांत कृष्णवर्णीय जास्त. माणसं महिन्यांत मेली, वर्षंही लागली नाहीत. कागदावर बऱ्याच जणांचा 'न्यूमोनिया' झाला. कंपनीने मान्य केले १०९ मृत्यू, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे आकडा आला ४७६, आणि १९८० च्या दशकात मार्टिन चेरनियाक यांनी नोंदी पुन्हा धुंडाळून काढलेला अंदाज ७६४. मेलेली माणसं तेवढीच होती, लिहिलेली कमी होती.

आणि ज्यांनी नुसतं वय आणि आजार न लिहिता माणूस कोण होता हेही लिहून ठेवलं, तिथे काय दिसतं ते बघा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत मुंबईत समाजवार मृत्यू नोंदले गेले होते. तेव्हाच्या सरकारी भाषेत 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणून लिहिलेल्यांमध्ये हजारी ६१.६ मृत्यू, युरोपियनांमध्ये हजारी ८.३. विषाणू तोच, शहर तेच, आठवडेही तेच. त्याच साथीत नॉर्वेच्या राजधानीत स्वेन-एरिक मामेलुंड यांनी जुनी नोंदणी तपासली, तर घर जितकं लहान तितका मृत्यूचा धोका जास्त, असं दिसलं. आणि या दोन्ही ठिकाणी कोणाकडे फारसा इलाजच नव्हता. म्हणजे हा फरक औषधपाण्याच्या आधीच पडलेला होता.

तेव्हा 'शास्त्राला धरून आहे का' याला माझं उत्तर 'हो' आहे. सिगारेटची जी नोंद झाली तीही बरोबर आहे. पण सिगारेट लिहायला जागा सापडली आणि इतक्या वर्षांच्या कामाला सापडली नाही, हे मला बरोबर वाटत नाही. दाखल्यात दुरुस्तीसाठी त्या डॉक्टरांकडे लेखी अर्ज करता येतो का, हे तुमच्या नोंदणी कार्यालयात विचारा. एक्स-रे आणि कुठल्या वर्षी कुठलं काम केलं त्याची यादी सोबत लागेल.


पाणी_सोडून

तुमच्या भावासाठी लिहितोय. मी २३ वर्षं हेच काम केलं, आता फुप्फुसं निम्मी आहेत.

ओटे कोणत्या दगडाचे बसवतो ते विचार. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण पाव ते तिसरा हिस्सा. ते चकचकीत कृत्रिम क्वार्ट्झचे ओटे येतात, त्यात नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. त्यावर काम करणारी तिशी-पस्तिशीतली पोरं आजारी पडली, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून तो दगड वापरायलाच बंदी घातली. पहिलाच देश.

कोरडं कापायचं नाही. पाणी पात्यावर पडलं पाहिजे, नुसतं शिंपडून उपयोग नाही. जागेवर बसवताना शेवटचं थोडं घासायचं असतं तेव्हा सगळे कोरडं घासतात, पाच मिनिटांचं तर काम आहे म्हणून. ती पाच मिनिटं सगळ्यात वाईट, कारण खोली बंद असते. झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. हवेच्या झोताने कपडे झटकायचे नाहीत. कापडी मास्कने काही होत नाही. तोंडाला घट्ट बसणारा, कणांसाठीचा मास्क हवा, आणि दाढी असेल तर तो बसत नाही. कपडे कामावरच बदलून यायचं. घरी लहान मूल आहे का?

हे सगळं त्याला माहीत असणार. मलाही माहीत होतं. नगावर पैसे असले की माणूस मालकाने न सांगताही कोरडं कापतो. म्हणून त्याला एकट्याला समजावू नका. एकाच टोळीतले चार जण मिळून मालकाला म्हणाले की पाण्याची सोय दे आणि रोजावर घे, तर ऐकतो. एकटा म्हणाला तर दुसरा माणूस घेतो. आम्ही चौघं म्हणालो होतो, पण फार उशिरा.


तिसरा_मजला

घरी लहान मूल आहे. भाऊ आणि वहिनीची मुलगी, दोन वर्षांची. तो आला की तिला आधी कडेवर घेतो, कपडे नंतर बदलतो. कालपासून दाराबाहेर जिन्यात एक बादली ठेवलीय. तो काही बोलला नाही, शर्ट काढून बादलीत टाकला आणि मग आत आला.

क्वार्ट्झच आहे. मी पाटीवरचं नाव विचारून घेतलं.

सकाळचा खोकला त्याला वर्षभर आहे. तो म्हणतो झोप झाली नाही की होतो. वय ३१. बुधवारी नेतेय, रजेचा खाडा मी भरून देणार आहे हे आधीच सांगितलं, म्हणून तयार झाला. बाबांचे एक्स-रे कपाटावर मिळाले, सात आहेत. सगळ्यात जुना त्यांच्या ४६ व्या वर्षीचा. लिफाफ्यावर त्यांच्या अक्षरात लिहिलंय, 'काही नाही म्हणाले'.


वॉर्ड_रात्रपाळी

सातही घेऊन जा, तारखेप्रमाणे लावून. भावाचा छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री दोन्ही सांगा. सिलिकोसिसच्या सुरुवातीला फुंक चांगली येऊ शकते, म्हणून नुसत्या स्पायरोमेट्रीवर 'काही नाही' ऐकून परत येऊ नका. थुंकीची क्षयासाठी तपासणीही करून घ्या. डॉक्टरांना पहिलं वाक्य खोकल्याचं सांगू नका. 'हा अमुक इतकी वर्षं कृत्रिम दगड कोरडा कापतो' हे पहिलं सांगा आणि केसपेपरवर लिहून घ्या. ते लिहिलेलं स्वतः वाचून मगच उठा.

बुधवारी काय झालं ते इथे कळवा. त्या दिवशी मी रात्रपाळीला आहे, जागीच असेन.